आकाशातून कुरणाचा पंचनामा
- विशेष प्रतिनिधी

विमा म्हटला, की पंचनामा आला. गोठ्यातली म्हैस दगावली तर विमा कंपनीला पशुवैद्यकाचा दाखला लागतो, कानातला बिल्ला लागतो, शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. हे सारे जुळून आले, तर यथावकाश भरपाईची रक्कम मालकाच्या हाती पडते. आपल्याकडच्या दुग्धव्यवसायाला ही पद्धत, तिच्या साऱ्या कटकटींसह, अंगवळणी पडली आहे. पण ज्या मुलखात गावे एकमेकांपासून दिवस-दिवसाच्या चालीवर आहेत, जेथे गोठा नावाची गोष्टच नाही आणि मालक आपल्या उंट-गायींच्या मागे चाऱ्या-पाण्याच्या शोधात वर्षातले कित्येक महिने भटकत असतो, तेथे पंचनामा करायला जाणार कोण? आणि गेलाच, तर तोवर तरसांनी नि गिधाडांनी पुरावा म्हणून शिल्लक काय ठेवलेले असणार?

केनियाच्या उत्तरेकडील मार्साबिट हा असाच मुलूख. तेथे जानेवारी २०१०मध्ये या प्रश्नाला एक वेगळे उत्तर शोधण्यात आले. मेलेली जनावरे मोजायचीच नाहीत. त्याऐवजी जमिनीवर गवत किती आहे, ते उपग्रहातून मोजायचे आणि ते ठरावीक पातळीच्या खाली गेले, की त्या भागातल्या प्रत्येक विमाधारकाला भरपाई द्यायची. दाखला नको, अर्ज नको, पंचनामा नको. कृषी अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने कागदावर मांडलेली ही कल्पना. ती प्रत्यक्षात उतरून आता दीड दशक लोटले आहे. या काळात तिने काय साधले आणि काय साधले नाही, याचा हिशेब संशोधकांनी स्वतःच मांडला आहे. हवामानाच्या लहरीवर जगणाऱ्या कोणत्याही पशुपालकाच्या दृष्टीने तो समजून घेण्याजोगा आहे.

पंधरा गायींची सीमारेषा

या विम्याची गरज का भासली, हे कळण्यासाठी मार्साबिटच्या सरहद्दीपलीकडे, दक्षिण इथिओपियात जावे लागते. तेथील बोराना हा गोपालक समाज. ट्रॅव्हिस लिबर्ट, क्रिस्टोफर बॅरेट, सोलोमन देस्ता आणि लेन कॉपॉक या चौघांनी बोराना कुटुंबांच्या कळपांचा १७ वर्षांचा इतिहास तपासला आणि २००४मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. कळपात साधारण पंधराहून अधिक गायी असतील, तर दुष्काळात काही गमावल्यावरही ते कुटुंब हळूहळू सावरते आणि कळप पुन्हा वाढतो. पण संख्या एकदा त्या रेषेखाली घसरली, की ती बहुधा घसरतच जाते आणि अखेर दारात एखाददुसरे जनावर उरते.

असे का व्हावे? कारण या कोरड्या मुलखात दुष्काळाला तोंड देण्याचा मुख्य उपाय म्हणजे स्थलांतर. पाऊस एका खोऱ्यात पडतो, दुसऱ्यात पडत नाही; तेव्हा जेथे गवत असेल तेथे कळप न्यायचा. मात्र लांबच्या कुरणावर महिनोन् महिने राहणाऱ्या गुराख्यांचे पोट दुधावर भरते. ते भरेल इतकी दुभती जनावरे बरोबर नेऊन घरच्या मुलाबाळांसाठीही काही मागे ठेवता आली पाहिजेत. कळप लहान झाला, की हे गणित बसत नाही. मग कुटुंब वस्तीच्या आसपासच राहते. तेथले गवत आधीच चरून संपलेले असते आणि जी जनावरे उरली, तीही खंगतात. आपल्याकडे घाटमाथ्यावरून कोकणात वा विदर्भाकडे मेंढ्या घेऊन जाणाऱ्या धनगर कुटुंबांना हे गणित कोणी समजावून सांगायला नको.

थोडक्यात, या समाजात दुष्काळ म्हणजे एका वर्षाचे नुकसान नव्हे. तो कुटुंबाला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर कायमचा ढकलू शकतो. दुष्काळ पडून गेल्यावर धान्याची मदत मिळते, माणसे जगतात; पण कळप परत येत नाही. म्हणून त्या रेषेखाली घसरण्यापूर्वीच हात देणारी एखादी व्यवस्था हवी, असा विचार पुढे आला.

मरण मोजायचे की गवत?

नेहमीचा विमा येथे चालणार नाही, हे उघड होते. प्रत्येक मृत्यूची खातरजमा करण्याचा खर्च हप्त्याहून अधिक झाला असता. शिवाय भरपाई मिळणार म्हणून जनावराची हेळसांड होण्याचा धोका होताच. तेव्हा 'निर्देशांकावर आधारित' विम्याकडे लक्ष गेले. यात एखाद्या व्यक्तीचे नुकसान मोजले जात नाही. त्या नुकसानीशी जवळचा संबंध असलेली, पण कोणाच्याही हातात नसलेली गोष्ट मोजली जाते आणि भरपाई त्यावर ठरते.

या मार्गावर मंगोलियाने आधीच पाऊल टाकले होते. १९९९ ते २००२ या काळातील लागोपाठच्या भीषण हिवाळ्यांत तेथील लाखो जनावरे गारठून आणि उपासमारीने मेली. त्यानंतर २००६मध्ये त्या देशात पशुधनाचा निर्देशांक-विमा सुरू झाला. परंतु मंगोलियात दरवर्षी पशुगणना होते. तालुक्यात सरासरी किती जनावरे मेली, हे त्या गणनेवरून समजते आणि भरपाई त्यावर ठरते. उत्तर केनियात अशी नियमित, विश्वासार्ह गणना नव्हती.

तेथे नैरोबीस्थित आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेतील केनियन अर्थतज्ज्ञ अँड्र्यू मुडे, कॉर्नेल विद्यापीठातील बॅरेट, थायलंडच्या सोम्मरत चंतरत, मायकेल कार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाचा आधार घेतला. हिरवे पान सूर्यप्रकाशातील लाल किरण शोषून घेते आणि अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोहोंतील फरकावरून एखाद्या प्रदेशात किती हिरवाई आहे, त्याचा आकडा काढता येतो. १९८०च्या दशकाच्या आरंभापासूनची अशी उपग्रह-नोंद उपलब्ध होती. केनियाच्या कोरडवाहू प्रदेशांसाठीच्या सरकारी प्रकल्पाने २०००पासून दरमहा गोळा केलेली कळपांची माहितीही हाताशी होती. या दोन्ही नोंदी शेजारी ठेवून हिरवाई किती घटली म्हणजे साधारण किती टक्के जनावरे मरतात, याचे एक सूत्र बसवण्यात आले. जुनी नोंद असल्यामुळे असा दुष्काळ किती वर्षांनी येतो, याचा अंदाज करता येत होता आणि हप्ता ठरवता येत होता. या कामासाठी मुडे यांना २०१६मध्ये नॉर्मन बोरलॉग यांच्या नावे तरुण संशोधकांना दिला जाणारा पुरस्कार मिळाला.

हप्ता आणि भरपाईचा हिशेब

पहिल्या योजनेचा हिशेब सोपा होता. एक गाय म्हणजे एक पशुएकक. एक उंट म्हणजे १.४ एकक आणि दहा शेळ्या-मेंढ्या मिळून एक एकक. प्रत्येक एककाची किंमत १५ हजार केनियन शिलिंग धरण्यात आली. अनुदान वजा जाता पशुपालकाने भरायचा हप्ता मार्साबिटच्या कमी जोखमीच्या भागात विमा रकमेच्या सुमारे सव्वातीन टक्के, तर अधिक कोरड्या उत्तर भागात सुमारे साडेपाच टक्के होता. सूत्राने वर्तवलेले मृत्यूचे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेले, की वरच्या प्रत्येक टक्क्याची भरपाई मिळणार होती.

समजा, एखाद्याने दहा गायींचा विमा उतरवला. विमा रक्कम झाली दीड लाख शिलिंग. कमी जोखमीच्या भागात हप्ता पडला पाच हजारांच्या आतबाहेर. त्या हंगामात निर्देशांकाने २५ टक्के मृत्यू दाखवले, तर १५ वजा जाता दहा टक्के, म्हणजे १५ हजार शिलिंग त्याच्या हाती पडणार. त्याच्या स्वतःच्या किती गायी मेल्या, हे कोणी विचारणार नाही. एकही मेली नसेल, तरी पैसे मिळणार. साऱ्या मेल्या असतील, तरी तेवढेच मिळणार. या विम्याचे बळ आणि त्याचा दोष, दोन्ही या एकाच अटीत आहेत.

जानेवारी २०१०च्या पहिल्या विक्रीत सुमारे दोन हजार करार झाले. विमा ही कल्पनाच नवी असल्यामुळे ती समजावण्यासाठी खेळ, चित्रकथा आणि ध्वनिमुद्रित नाटुकल्यांचा आधार घेण्यात आला. काही कुटुंबांना चिठ्ठी पद्धतीने हप्त्यात सवलतीची कुपने देण्यात आली. त्यामुळे एका बाजूने विक्रीला चालना मिळाली आणि दुसऱ्या बाजूने, ज्यांना सवलत मिळाली व ज्यांना मिळाली नाही त्यांची तुलना करून विम्याचा परिणाम तपासण्याची सोयही झाली.

पहिली कसोटी

कसोटीची वेळ लवकरच आली. २०१०च्या अखेरचा आणि २०११च्या मार्च ते मे महिन्यांतला, असे दोन्ही पाऊस पूर्व आफ्रिकेत दगा देऊन गेले. शेजारच्या सोमालियात जुलै २०११मध्ये संयुक्त राष्ट्रांनी काही भागांत दुर्भिक्ष जाहीर केले. मार्साबिटमध्ये गुरे मरू लागली. ऑक्टोबर २०११मध्ये निर्देशांकानुसार सुमारे साडेसहाशे विमाधारकांना पहिली भरपाई देण्यात आली.

सारा जॅन्झेन आणि मायकेल कार्टर या अर्थतज्ज्ञांनी त्याच सुमारास कुटुंबांची पाहणी केली. दुष्काळात पशुपालकापुढे दोनच मार्ग असतात: जनावरे पडेल भावाने विकायची किंवा घरातले जेवण कमी करायचे. ज्यांच्याकडे बऱ्यापैकी कळप होता, त्या विमाधारकांत जनावरे विकावी लागण्याचे प्रमाण बरेच घटले. ज्यांच्याकडे मोजकीच जनावरे होती, ती कुटुंबे एरवी कळप राखण्यासाठी पोटाला चिमटा घेतात. त्या गटातील विमाधारकांत जेवण कमी करण्याचे प्रमाण घटले. सारांश, एकाच विम्याने एका घरातला कळप वाचवला, तर दुसऱ्या घरातले मुलांचे जेवण. भरपाईनंतरच्या महिन्यांविषयीची उत्तरे कुटुंबांच्या अंदाजावर आधारलेली होती, हे या पाहणीत नमूद आहे. तरीही निष्कर्षांची दिशा स्पष्ट होती.

योजना सुरू झाल्यानंतर दहा वर्षांनी संशोधक त्याच कुटुंबांकडे पुन्हा गेले. तेव्हा सवलतीची कुपने मिळून विमा घेतलेल्या कुटुंबांतील मुलांचे शिक्षण इतरांच्या तुलनेत पुढे गेलेले आढळले. गुरे राखणे हे तेथे मुलांचे काम मानले जाते, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे महत्त्व कळते. जनावरांसाठी काढलेल्या विम्याचा लाभ मुलांच्या शाळेपर्यंत पोहोचला, हे विशेष.

निर्देशांक एक, घरचे दुःख दुसरे

या यशोगाथेला दुसरी बाजू आहे आणि ती या संशोधकांनीच उजेडात आणली. नॅथॅनिएल जेन्सन, बॅरेट आणि मुडे यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निर्देशांक आणि प्रत्येक कुटुंबाचे खरे नुकसान यांची तुलना केली. मोठ्या आपत्तीत साऱ्या भागावर मिळून जो सामाईक धोका येतो, त्यातला सरासरी सुमारे ६३ टक्के हिस्सा विमा उचलतो, असे दिसले. ही कामगिरी वाईट नाही. परंतु एकेका कुटुंबाच्या मोठ्या नुकसानीच्या एकूण धोक्यापैकी सरासरी ६९ टक्के धोका विमा घेतल्यावरही त्या कुटुंबाच्याच माथी उरतो. कारण जनावरे केवळ दुष्काळाने मरत नाहीत. रोगराई आहे, हिंस्र श्वापदे आहेत, टोळ्यांची पळवापळवी आहे. उपग्रहाला यातले काहीही दिसत नाही. शिवाय सूत्राचा अंदाज कधीकधी चुकतोही.

ज्याची गुरे मेली आणि ज्याला निर्देशांकाने काही दिले नाही, त्याची अवस्था विमा न घेणाऱ्याहून वाईट होते. गुरे गेलीच, वर हप्ताही गेला. हे दुखणे आपल्याकडे अनोळखी नाही. महाराष्ट्रातील द्राक्ष, डाळिंब, संत्रा बागायतदारांसाठी असलेली हवामान आधारित फळपीक विमा योजना याच तत्त्वावर चालते. महसूल मंडळातील हवामान केंद्राने नोंदवलेला पाऊस आणि तापमान यांवर भरपाई ठरते. 'पाऊस माझ्या बागेत झाला, यंत्रावर झाला नाही' ही तक्रार दर हंगामात ऐकू येते, ती यामुळेच. केरळातील मलबार दूध संघाने २०२३मध्ये गायींसाठी उष्णतेच्या निर्देशांकावर आधारित विमा घेतला, तेव्हा त्यातही हीच मर्यादा गृहीत होती.

मार्साबिटमध्ये पहिल्या उत्साहानंतर विक्रीचा आकडा घसरला, त्याला आणखी एक कारण होते. पशुपालकाला आभाळ वाचता येते. पाऊस चांगला होणार असे वाटले, तर तो विमा घेत नाही. लक्षणे वाईट दिसली, की विक्रीच्या खिडकीशी येतो. सारेच ग्राहक असे वागू लागले, तर विमा कंपनीचा ताळेबंद बिघडतो.

मरणाआधीच मदत

या अनुभवातून योजनेत बदल होत गेले. त्यातला सर्वांत महत्त्वाचा बदल असा, की भरपाई मृत्यूच्या अंदाजावर न देता चाऱ्याच्या टंचाईवर देण्यास सुरुवात झाली. आधीच्या पद्धतीत पैसे येत ते हंगाम संपल्यावर, म्हणजे गुरे मेल्यावर. नव्या पद्धतीत कुरण सुकत चालल्याचे दिसताच पैसे हाती यावेत, असा प्रयत्न असतो, म्हणजे त्यातून चारा, पाणी, औषध घेऊन जनावर जगवता येते. मेलेल्या गायीची किंमत मिळण्यापेक्षा जिवंत गाय राखणे कोणत्याही पशुपालकाला अधिक मोलाचे असते, हे ओळखायला काही वर्षे लागली.

दरम्यान, योजना मार्साबिटबाहेर पडली. २०१२मध्ये ती इथिओपियातील बोराना भागात पोहोचली. केनियातील वाजिर भागात मुस्लिम वस्ती मोठी असल्याने तेथे इस्लामी तत्त्वांशी सुसंगत असा 'तकाफुल' विमा आणण्यात आला. २०१५मध्ये केनिया सरकारने स्वतःचा कार्यक्रम सुरू केला. त्यात निवडक गरीब कुटुंबांच्या पाच पशुएककांचा संपूर्ण हप्ता सरकारने भरला. २०१७च्या आरंभी दुष्काळात या कार्यक्रमातून १२ हजारांच्या आसपास कुटुंबांना एकूण २१ कोटींहून अधिक शिलिंग देण्यात आले. २०२२मध्ये जागतिक बँकेने केनिया, इथिओपिया, सोमालिया आणि जिबूती या चार देशांतील पशुपालकांसाठी मोठ्या प्रकल्पाला मंजुरी दिली. त्यात विम्याच्या जोडीला बचत आणि पशुधनाचा व्यापार यांचाही समावेश आहे.

हप्ता कोणी भरायचा?

या साऱ्या प्रवासाची सर्वांत कठोर परीक्षा २०२० ते २०२३ या काळात झाली. पूर्व आफ्रिकेत लागोपाठ पाच पावसाळे कोरडे गेले. एकट्या केनियात सुमारे २५ लाख जनावरे मेली. ज्यांच्याकडे विमा होता त्यांना पैसे मिळाले. पण पाच हंगाम ओळीने बुडाले, तर कोणताही एक विमा पुरा पडत नाही. विम्याचे सारे गणित वाईट वर्ष क्वचित येते या गृहीतकावर उभे आहे. हवामानबदलामुळे वाईट वर्षे जवळजवळ येऊ लागली, की हप्ता वाढतो. वाढलेला हप्ता नेमका त्यालाच परवडत नाही, ज्याला विम्याची गरज सर्वाधिक आहे.

येथे प्रश्न अर्थशास्त्राच्या हद्दीबाहेर जाऊन धोरणाच्या हद्दीत शिरतो. पूर्व आफ्रिकेतील भटक्या पशुपालकाने वातावरणात सोडलेला धूर नगण्य आहे. त्याच्या वाट्याला आलेला दुष्काळ मात्र नगण्य नाही. तेव्हा त्याचा हप्ता त्यानेच भरावा, त्याच्या सरकारने भरावा की धनाढ्य देशांनी, हा वाद पुढील काही वर्षे चालणार आहे. दुष्काळ पडून गेल्यावर मदतीवर होणारा खर्च कोठून तरी येतोच. तोच पैसा आधी हप्त्याच्या रूपाने खर्च केला तर कुटुंब रेषेखाली घसरणार नाही, असा या संशोधकांचा युक्तिवाद आहे. उत्तर केनियातील रोख मदत आणि विमा यांची तुलना करणाऱ्या त्यांच्या अभ्यासातही विमा कमी प्रभावी ठरलेला नाही.

अर्थात, विमा म्हणजे चारा नव्हे आणि पाणीही नव्हे. चराईचे रस्ते मोकळे राहिले नाहीत, पाणवठे आटले, लसीकरण झाले नाही किंवा बाजारात भाव पाडणारे दलालच राहिले, तर उपग्रहाने कितीही अचूक गवत मोजले तरी उपयोग मर्यादित. आपल्याकडेही २०१२-१३ आणि २०१८-१९च्या दुष्काळात चारा छावण्यांनी जनावरे जगवली. पण छावणी उघडेपर्यंत किती जनावरे बाजारात गेली, याचा हिशेब मागे राहिला. मार्साबिटच्या प्रयोगाचा धडा नेमका या वेळेच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. दुष्काळाची मदत किती मिळाली, हे महत्त्वाचे आहेच. ती सोळावी गाय विकण्यापूर्वी मिळाली की नंतर, यावर मात्र ते कुटुंब पुढच्या पावसाळ्यात पशुपालक म्हणून उरते की नाही, हे ठरते.